झिजणारा तळरंग : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

तळरंग म्हणजे समुद्री जीव चिकटू नयेत म्हणून बोटीच्या पाण्याखालच्या भागाला लावतात तो रंग. बोट अकरा महिन्यांनी पाण्याबाहेर काढली, तेव्हा तळावर पहिल्यांदा नजरेत भरले ते बार्नकलचे, म्हणजे तळाला कायमचे चिकटून वाढणाऱ्या कवचधारी जीवांचे, चार चौकोन. प्रत्येक चौकोन तळहाताहून थोडा मोठा, कडा सरळ, आत पांढऱ्या शंकूंची दाटी. आणि त्याच्या बाहेर बोटभर अंतरावर नुसता तपकिरी बुळबुळीत लपका. रंगकाम चालू असताना बोट ज्या टेकूंवर उभी होती, त्यांच्या गाद्यांखालच्या या जागा होत्या. पाण्यात सोडण्यासाठी बोट पट्ट्यांवर उचलल्यानंतर तिथे रंग लावायला मला जेमतेम दहा मिनिटे मिळाली. खालचा पृष्ठभाग घासलेला नव्हता, रंगाचा एकच पातळ हात बसला आणि तो पुरता वाळायच्या आत बोट पाण्यात गेली. रंगाची परीक्षा घेण्यासाठी कोणी मुद्दाम प्रयोग मांडला असता, तरी तो इतका स्वच्छ झाला नसता.

बोट साडेसात मीटर लांबीची, फायबरग्लासची, शिडाची आहे. कील, म्हणजे बुडाखालचा वजनदार कणा, बिडाचा असून आत लहान डिझेल इंजिन आहे. मुक्काम वर्षभर कोमट खाऱ्या पाण्यात असतो. आठवड्यातून एकदा ती बाहेर पडते, पण या अकरा महिन्यांत सलग दोन महिने ती जागची हलली नाही, आणि पुढच्या निरीक्षणांत हे दोन महिने महत्त्वाचे ठरले. त्याआधी दोन वर्षे मी कडक प्रकारचा तांबेयुक्त रंग वापरत होतो. या वेळी प्रथमच झिजणारा रंग लावला.

दोन्हींत फरक काय, हे डब्यावरच्या मजकुरावरून नीट उमगत नाही. कडक रंगात क्युप्रस ऑक्साइड या तांब्याच्या संयुगाचे कण एका न विरघळणाऱ्या सापळ्यात बसवलेले असतात. त्यातले तांबे हळूहळू झिरपून निघून जाते आणि रिकामा सापळा तळावर तसाच राहतो. दरवर्षी त्यावर नवा थर चढत गेला, की काही वर्षांनी सगळी पुटे पापुद्र्यांसारखी सुटू लागतात. झिजणाऱ्या रंगात तांब्याला धरून ठेवणारा भागच पाण्यात मंद गतीने विरघळतो. साध्या प्रकारांत तो बहुधा राळेवर आधारलेला असतो, तर महागड्या प्रकारांत समुद्राच्या पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन वरचा थर सुटेल अशी बहुवारिके (पॉलिमर) असतात. वरचा थर गेला की खालचे ताजे तांबे उघडे पडते. बोट चालली की ही झीज एकसारखी होते. उभी राहिली की ती मंदावते आणि वर साचलेला लपका तसाच राहतो. सिलिकॉनचे गुळगुळीत लेप हा तिसरा मार्ग आहे. त्यांत विष नसते, चिकटलेले जीव वेगामुळे सुटून पडतात; परंतु माझ्या बोटीचा वेग त्यासाठी पुरेसा नाही, म्हणून तो विचार मी लवकर सोडून दिला.

रंग लावण्यापेक्षा पूर्वतयारीला कितीतरी अधिक वेळ गेला, आणि आता मागे वळून पाहता तो वेळ कमीच पडला असे वाटते. जुना कडक रंग जिथे सुटत होता तिथे खरवडून काढला आणि उरलेला पाणी लावून घासला. हे घासकाम कोरडे मुळीच करू नये. ही धूळ म्हणजे तांबे आणि इतर जैवनाशके यांची पूड असते आणि ती फुप्फुसांत जाते. ओले घासतानाही मी गाळणीचा मुखवटा आणि अंगभर झगा घातला होता, तरी मनगटावर दोन दिवस तांबूस पट्टा राहिला. घासलेले पाणी खाली अंथरलेल्या ताडपत्रीत गोळा करून रासायनिक कचऱ्यात दिले. दोन प्रकारचे रंग एकमेकांवर नीट बसावेत म्हणून मध्ये एक जोडथर लावला, आणि बिडाच्या कीलवर त्याआधी एपॉक्सीचे हात दिले.

रंग किती लागेल याचा अंदाज बांधण्यासाठी जलरेषेवरची लांबी गुणिले (रुंदी अधिक खोली), आणि येणाऱ्या आकड्याचे पाऊण, हे ठोकताळ्याचे सूत्र मध्यम बांध्याच्या बोटींसाठी चालते. माझ्या बाबतीत ते ६.४ गुणिले ३.७, म्हणजे सुमारे २३.७, आणि त्याचे पाऊण म्हणजे जवळपास १८ चौरस मीटर असे आले. माझ्या रंगाचा एक लिटर एका हाताला साधारण १० चौरस मीटर पुरतो, त्यामुळे तीन हातांना साडेपाच लिटर लागतील असा हिशेब केला. प्रत्यक्षात सहा लागले, कारण जलरेषा, नाळ म्हणजे बोटीचे पुढचे टोक, आणि सुकाणूची पुढची कड या जागांवर मी एक जादा हात दिला. पाण्याचा मारा तिथे सर्वाधिक असतो आणि रंग तिथूनच आधी जातो.

डबा उचलताच त्यात तांबे असल्याची जाणीव हाताला होते. त्याच मापाच्या साध्या रंगाच्या डब्यापेक्षा तो कितीतरी जड असतो. झाकण उघडले तर वर पातळ तांबूस द्रव आणि खाली काठी रुतून उभी राहील असा गाळ होता. हा गाळ पूर्ण मिसळेपर्यंत ढवळणे हेच या रंगाचे निम्मे काम आहे. मी दहा मिनिटे ढवळले आणि नंतर दर पंधरा मिनिटांनी पुन्हा ढवळत राहिलो. ही मेहनत टाळली, तर तळाच्या पहिल्या भागावर नुसते पातळ द्रावण आणि शेवटच्या भागावर सगळे तांबे अशी वाटणी होते. पहिला हात निळा आणि वरचे दोन तांबडे, अशी रंगसंगती मी मुद्दाम ठेवली. वरचा रंग संपत आला की निळा डोकावतो आणि झीज कुठवर आली ते विनासायास कळते. बोटीचे धातूचे भाग गंजू नयेत म्हणून स्वतः झिजणाऱ्या जस्ताच्या वड्यांना, म्हणजे ज्यांना सगळे नुसते ‘झिंक’ म्हणतात त्यांना, आणि खोली मोजणाऱ्या यंत्राच्या चकतीला चिकटपट्टी लावून झाकले. झिंकवर रंग बसला तर ते काम करत नाही.

पहिले दोन महिने तळ अगदी स्वच्छ होता. पाण्यात उतरून तळावर हाताचे बोट फिरवले तर त्याला किंचित तांबडेपणा लागे, आणि तसा तो लागायलाच हवा. नंतर बोट दोन महिने उभी राहिली आणि पाहता पाहता तळावर तपकिरी लपका धरला. पाण्यात ठेवलेल्या कोणत्याही वस्तूवर आधी सेंद्रिय द्रव्यांचा अदृश्य पापुद्रा बसतो, मग जिवाणू येतात, मग डायटम म्हणजे एकपेशीय शैवाले. काही डायटम तांब्याला चांगलेच सरावलेले असतात. म्हणून बार्नकल एकही नाही पण लपका मात्र भरपूर, असे दृश्य तांबेयुक्त रंगावर सर्रास दिसते आणि त्याला रंगाचे अपयश समजू नये. काही रंगांत या लपक्यासाठी झिंक पायरिथिऑनसारखे दुसरे जैवनाशक घातलेले असते. माझ्या रंगात ते नव्हते. इंजिनाचे फेरे तेच ठेवून, शांत पाण्यात उलटसुलट दिशांनी घेतलेला सरासरी वेग सुरुवातीला ५.६ नॉट (म्हणजे तासाला तितके सागरी मैल) होता, तो या लपक्यामुळे ५.१ वर आला. केसाएवढ्या थराने अर्धा नॉट खावा, हे स्वतः मोजले नसते तर मला पटले नसते.

येथे माझ्या हातून एक चूक झाली. पहिल्या वेळी मी गालिच्याच्या जुन्या तुकड्याने तळ हलकेच पुसला. लपका सायीसारखा सुटून आला आणि वेग ५.५ पर्यंत परतला. दुसऱ्या खेपेला घाई होती, म्हणून ताठ नायलॉनचा ब्रश घेतला आणि नाळेपासून सुरुवात केली. पाण्यात तांबडा ढग उठला. मला वाटले मळ निघतो आहे. तो रंग होता. सातव्या महिन्यात नाळेवर नेमका त्याच भागात निळा थर दिसू लागला, जो माझ्या अंदाजाने वर्ष उलटल्यावर दिसायचा होता. झिजणारा रंग स्वतःहून झिजतो, त्याला आपण मदत करायची नसते. शिवाय तो ढग पैशांचाच अपव्यय नव्हता. बंदिस्त बंदरांत तळाच्या गाळात तांबे साचत जाते, आणि अनेक ठिकाणी पाण्यात राहून तळ घासण्यावर निर्बंध आहेत ते याच कारणाने. तांब्याआधी ज्याची चलती होती, त्या ट्रायब्युटिल टिन या कथिलाच्या संयुगाने काय केले ते सर्वज्ञात आहे : कालवांचे कवच जाड आणि वेडेवाकडे झाले, सागरी गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रिये फुटली, आणि शेवटी २००१ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने, जो १७ सप्टेंबर २००८ पासून अमलात आला, जहाजांच्या तळावरून त्याला हद्दपार केले.

तांबे विरघळते म्हणूनच काम करते, ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी एका मोठ्या शास्त्रज्ञालाही महागात पडून कळली. ब्रिटिश आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. लाकूड पोखरणारे किडे आणि वाढ दोन्ही थांबले, पण खाऱ्या पाण्यात तांब्याला लागून असलेले लोखंडी खिळे झपाट्याने गंजून गेले. पुढे १८२४ साली ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी पत्र्याची झीज थांबवण्यासाठी त्याला लोखंडाचे तुकडे जोडले. झीज थांबली, आणि त्या न झिजणाऱ्या तांब्यावर शेवाळ व बार्नकल आनंदाने वाढू लागले. हा इतिहास मी कौतुकापोटी सांगत नाही. माझ्या कीलच्या खालच्या कोपऱ्यावर एपॉक्सीचा टवका उडाला होता आणि तो माझ्या लक्षात आला नाही. अकरा महिन्यांनी तिथे रुपयाएवढा गंजाचा फोड होता, आणि त्याच्या भोवती तांबेयुक्त रंग. ‘अलार्म’च्या खिळ्यांचीच गोष्ट, लहान प्रमाणात. ॲल्युमिनियमच्या बोटीवर क्युप्रस ऑक्साइडचा रंग लावूच नये, असे सांगतात त्यामागे हेच आहे.

पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची, कथा वेगळी. तोच रंग मी पितळी पंख्यावरही लावला होता आणि तो काही आठवड्यांत उडून गेला; फिरत्या गुळगुळीत धातूवर तो टिकतच नाही. आठव्या महिन्यात पाती बार्नकलने भरली आणि इंजिनाचे फेरे वाढवले की मागच्या बाजूला थरथर जाणवू लागली. पाती खरवडली आणि थरथर गेली. त्याहून त्रासदायक प्रसंग नवव्या महिन्यात घडला. इंजिनाचा तापमापक नेहमीच्या जागेपेक्षा वर चढू लागला. गाळणी उघडली तर स्वच्छ. पंपाचा पंखही ठीक. अखेर पाण्यात उतरून पाणी आत घेणाऱ्या तोंडात करंगळी घातली, तर ती अर्ध्यातच अडली : आतल्या भिंतीवर गोल कडे करून बार्नकल बसले होते आणि मध्ये पेन्सिल जाईल एवढेच भोक उरले होते. तळाचे क्षेत्रफळ मोजताना या बोटभर नळीचा विचार माझ्या मनात आलाच नाही. यंदा बाटली धुण्याच्या ब्रशने आतही रंग लावला आहे.

आणखी एक निरीक्षण नोंदवतो. बोटीची एक बाजू दिवसभर उन्हात असते. त्या बाजूला जलरेषेवर हिरवी झालर वाढली, तर सावलीच्या बाजूला आणि कीलच्या बुडाला हिरवे काहीच नव्हते, पण किड्यांच्या चुनखडी नळ्या मात्र चार-दोन होत्या. शेवाळाला प्रकाश लागतो, या प्राण्यांना लागत नाही. त्यामुळे वरून डोकावून ‘तळ साफ आहे’ असे ठरवण्यात काही अर्थ नाही.

बोट वर येताच, ती ओली असतानाच, जोराच्या फवाऱ्याने धुतली. तासभर वाळू दिली असती तर लपका खरजेसारखा घट्ट झाला असता. चार चौकोनांतले बार्नकल प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढले, पण प्रत्येकाच्या बुडाचे पांढरे कडे चिकटूनच राहिले. बार्नकलचे पिल्लू शेवटच्या अवस्थेत काही खात नाही. स्पर्शिकांनी पृष्ठभाग चाचपत ते फक्त जागा शोधते, जात आपली असलेल्या शेजाऱ्यांजवळ बसणे पसंत करते, आणि मग डोके खाली करून कायमचे चिकटते. म्हणून ती कडी तशीच ठेवून त्यांवर रंग फासणे मला परवडणारे नव्हते. पातळ केलेल्या आम्लाने ती विरघळवली, झिंकवर थेंबही पडू दिला नाही, भरपूर पाणी मारले आणि मग घासले. हे आम्ल आणि कपडे धुण्याचे ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

हाच रंग मी पुन्हा लावला आहे. जी बोट आठवड्याला निदान एकदा चालते आणि जिचा वेग मध्यम आहे, तिच्यासाठी तो कडक रंगापेक्षा मला उजवा वाटला, मुख्यतः पुढच्या वर्षी खरवडण्याचे काम उरत नाही म्हणून. जी ओहोटीला दररोज वाळूवर टेकते तिच्या बुडाला तो टिकणार नाही, आणि जी वापरानंतर दर वेळी पाण्याबाहेर काढून ठेवली जाते तिला अशा रंगाची गरजच नाही. दोन महिने नांगरून ठेवायची असेल, तर लपक्यावरचे जैवनाशक असलेला प्रकार घ्यावा. मीही त्याच प्रकाराकडे वळायला हवे होते, पण डबे आधीच आणून ठेवलेले होते.

यंदा टेकू दोनदा सरकवून घेतले. त्यासाठी गोदीतल्या माणसांची थोडी कुरकुर ऐकावी लागली. चारही चौकोन घासून त्यांवर जोडथर, एक निळा आणि दोन तांबडे असे पूर्ण हात झाले, आणि ते रात्रभर वाळल्यानंतरच बोट पाण्यात उतरली.