ताजा रिपॅक, सीलबंद रिझर्व्ह आणि माझे ३,८५० डॉलर

रक्कम आधीच सांगून टाकते. ३,८५० डॉलर, कुरिअरचे ६५ वेगळे. एवढे पैसे एका माणसाने माझ्याकडून घेतले आणि पॅराशूटचा असा संच पाठवला की तो अंगावर चढवून मी विमानातून उडी मारली असती तर कदाचित हे लिहायला उरले नसते. पैसे गेल्याचा राग आहेच. पण समोरची बाई यात मरू शकते हे पक्कं ठाऊक असताना त्याने शांतपणे पॅराशूटच्या तपासणीचं खोटं कार्ड भरलं, याचा राग त्याहून मोठा आहे आणि तो जात नाही.

इतके महिने कुठे लिहिलं नाही, कारण लाज वाटत होती. नाशिकला आईला आकडा अजून सांगितलेला नाही. दादाला सांगितला तर म्हणाला, "तुला कोणी सांगितलं होतं हे नसते उद्योग करायला?" आता लिहितेय, कारण आपल्याकडची बरीच मुलंमुली इथे अमेरिकेत, दुबईत, ऑस्ट्रेलियात ए लायसन्स (स्कायडायव्हिंगचा पहिला परवाना) घेताना दिसतात, आणि लायसन्स हातात आलं की पहिली खरेदी सेकंडहँड गिअरची असते.

मी काही चैन म्हणून या खेळात आले नाही. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली तेव्हापासून हे डोक्यात होतं. २०१८ मध्ये त्यांनी पटायाला नऊवारी नेसून उडी मारली, तो व्हिडिओ मी कितीदा पाहिला असेल. इलिनॉयमध्ये नोकरी लागल्यावर पहिली मोठी बचत विमानातून उडी मारायला शिकवणाऱ्या एएफएफच्या कोर्सवर घातली. ए लायसन्सला किमान २५ उड्या लागतात, त्या झाल्या, आणि नंतर प्रत्येक उडीला रिगचं, म्हणजे अंगावर चढवायच्या पूर्ण पॅराशूट संचाचं, भाडं भरत बसायचं. आमच्या ड्रॉपझोनवर (उड्या मारायच्या तळावर) ते ३५ डॉलर होतं, विमानाचं तिकीट वेगळं. तेही मिळालं तर! माझं वजन ५४ किलो. भाड्याच्या रिग बहुतेक पुरुषांच्या मापाच्या. हार्नेस खांद्यावरून सरकतो, छातीचा पट्टा कितीही आवळला तरी समाधान होत नाही. लहान मापाची चांगली जुनी रिग बाजारात आली की दोन दिवसांत जाते, आणि नवा पूर्ण संच म्हणजे सात-नऊ हजार डॉलर आणि कित्येक महिन्यांची वाट. "घाई का केलीस" असं विचारणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

जाहिरात नोव्हेंबर २०२४ मध्ये दिसली. विक्रेता दुसऱ्या राज्यातला. जांभळा-काळा कंटेनर (पाठीवरची पिशवी), मेन म्हणजे मुख्य पॅराशूट १५० चौरस फुटांचा, रिझर्व्ह म्हणजे राखीव पॅराशूट १४३ चा, एएडी (आणीबाणीत रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र) २०१७ चा, मेनवर चारशेच्या आसपास उड्या. मागणी ४,२००. माझ्यासाठी मापं चोख होती. कपडे, बूट, गिअर धरून माझं एक्झिट वेट १४० पौंडांच्या आसपास येतं, म्हणजे १५० च्या मेनवर विंग लोडिंग (दर चौरस फुटाला किती पौंड) १.० च्याही खाली. इथे एक सांगते, कारण हलक्या वजनाच्या मुलींना हे कोणी सांगत नाही: लोडिंग १.० आहे म्हणून १३५ किंवा १२० घेऊ नका. कॅनोपी (पॅराशूटचं कापड) लहान झाली की लाइन्स (तिच्या दोऱ्या) आखूड होतात आणि ती त्याच लोडिंगला जास्त चपळ, जास्त वेगाने वळते. माझी इन्स्ट्रक्टर मला १५० च्या खाली येऊ देत नव्हती, आणि तिचं बरोबर होतं. तर इतका अभ्यास करूनच मी उतरले होते. डोळे मिटून कोणी ३,८५० डॉलर देत नाही.

पुढचं सगळं तुम्हाला माहीत असलेल्या चालीनेच झालं. "आणखी दोघं तयार आहेत", "आज अर्धे पाठव, काढून ठेवतो". बँकेच्या झटपट पैसे पाठवायच्या ॲपवरून मी आधी १,५०० आणि मग २,३५० पाठवले. खरेदीदाराला संरक्षण देणारा पर्याय त्याने नाकारला नाही हं. "फी तू भरणार असशील तर चालेल," म्हणाला. फी होती सव्वाशेच्या आसपास. ती भरा. शेवटच्या पैशापर्यंत भरा.

त्याने खरा सापळा लावला तो रिझर्व्हवर. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं की रिग थेट माझ्या रिगरकडे (पॅराशूट तपासून पॅक करणाऱ्या परवानाधारकाकडे) पाठवशील का. तो म्हणाला, "पाठवतो की. पण रिझर्व्ह ऑक्टोबरमध्येच रिपॅक झालाय. तुझ्या रिगरने उघडला तर सील तुटेल आणि तुझे ९० डॉलर फुकट जातील. सीझन सुरू झाला की वापर, मग पुढच्या रिपॅकला तो बघेलच." ऐकायला किती सरळ! अमेरिकेत नियमच आहे की रिझर्व्ह दर १८० दिवसांनी लायसन्सधारक रिगरकडून उघडून, तपासून, पुन्हा पॅक व्हायला हवा, आणि त्यावर त्याचं सील हवं. म्हणजे ऑक्टोबरचं सील पाहून कोणीही हेच समजणार की महिन्याभरापूर्वी एका जबाबदार माणसाने आतलं सगळं पाहिलंय. याच विश्वासाचा त्याने वापर केला. सील न तोडण्याची किंमत त्याने ९० डॉलर सांगितली आणि त्या ९० च्या आड सगळं झाकलं.

आता तो क्षण, ज्याच्यापाशी मन अजून जाऊन अडकतं. त्याने पॅकिंग डेटा कार्डचा फोटो पाठवला होता. रिगरची सही, सर्टिफिकेट नंबर, आणि तीन अक्षरी खूण. इथे प्रत्येक रिगरला अशी खूण दिलेली असते आणि रिझर्व्हच्या पिनजवळच्या लाल दोऱ्यावरचं शिशाचं सील दाबलं की तीच खूण त्यावर उमटते. दुसऱ्या फोटोत सील जवळून दिसत होतं. मी फोटो मोठा केला. पहिली दोन अक्षरं कार्डाशी जुळत होती. तिसरं जुळत नव्हतं. मला दिसलं होतं! मी त्याला विचारलंसुद्धा. उत्तर आलं, "प्रेस जुना आहे, शेवटचं अक्षर अर्धवट उमटतं." आणि कार्डावरच्या चारही नोंदी दोन वर्षांत पसरलेल्या असून एकाच निळ्या पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात होत्या. एकच रिगर असेल तर अक्षर एकच असणार, असं मी स्वतःला समजावलं. पण दोन वर्षं तेच पेन? त्याच शाईची तीच छटा?

रात्री झोप लागत नाही तेव्हा ते तिसरं अक्षर समोर येतं. तरी मी हे म्हणेन: विद्यार्थ्याला कार्डावरची तारीख बघायला शिकवतात. तारीख चालू आहे ना, मग विमानात बस. सीलवरची खूण कार्डाशी ताडून बघा, ती बनावट असू शकते, हे कोर्समध्ये मला कोणी सांगितलं नाही. शंभरातल्या किती नवख्यांनी ते अक्षर पाहिलंही असतं? मी पाहिलं, विचारलं, आणि मला खोटं उत्तर मिळालं. खोटं बोलणारा तो आहे.

रिगरचं नाव एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या सर्टिफिकेटधारकांच्या यादीत ऑनलाइन शोधता येतं, पैसे लागत नाहीत. नाव खरं निघालं तरी थांबू नका. त्या माणसाला फोन करा. "अमुक सिरियल नंबरचा रिझर्व्ह तुम्ही अमुक तारखेला पॅक केला का?" एवढा एकच प्रश्न.

डिसेंबरमध्ये खोकं आलं. आमचा ड्रॉपझोन हिवाळ्यात बंद असतो, रिगरही तेव्हा दक्षिणेकडे निघून जातो. विक्रेत्याने नोव्हेंबरच का गाठला, हे मला आता कळतं. एएडी चालू केला, सेल्फ-टेस्ट नीट झाली. मेन मी दिवाणखान्यात पसरून पाहिला, कापड करकरीत होतं. मी खूश.

एप्रिलमध्ये रिग रिगरच्या टेबलावर ठेवली. त्याने सील पाहिलं, कार्ड पाहिलं, आणि मला म्हणाला, "बस जरा." मग त्याने रिझर्व्ह उघडला.

रिझर्व्ह जाहिरातीत २०१२ चा होता, लेबलवर बनावटीचं वर्ष १९९४. लेबलवर प्रत्येक रिपॅकला खूण करायचे चौकोन असतात. कार्डावर दाखवलेल्या चार रिपॅकपैकी एकाचीही खूण नव्हती. मागच्या कडेजवळ एक ठिगळ होतं, ज्याची कुठेही नोंद नव्हती. रिगरने क्लॅम्प लावून वजनकाट्याने ताण दिला, तर ठिगळाशेजारचं कापड माझ्या डोळ्यांसमोर उसवायला लागलं. ते कापड दोन हजार फुटांवर बिघडलेला मेन कापून टाकल्यानंतर माझ्या डोक्यावर उघडणार होतं. एएडी निघाला २०१२ चा. त्या जुन्या मॉडेलचं आयुष्य साडेबारा वर्षं, मधे दर चार वर्षांनी कंपनीत सर्व्हिसिंग. एकही झालेलं नव्हतं आणि आयुष्यही संपलेलं होतं. एएडी म्हणजे तुम्ही साडेसातशे फुटांवर अजून फ्री फॉलच्या वेगाने पडत असाल तर रिझर्व्हचा क्लोजिंग लूप (कप्पा बंद ठेवणारी दोरी) कापणारं यंत्र. स्क्रीन चालू होते म्हणजे ते ठीक आहे, असं कधीही समजू नका. मुख्य युनिट रिझर्व्हच्या कप्प्यात असतं, त्यावरची तारीख सील तोडल्याशिवाय दिसत नाही. म्हणूनच सील तोडायचं.

पायाच्या पट्ट्याची शिलाई कोणीतरी घरच्या घरी पुन्हा मारलेली होती. हार्नेसची अशी दुरुस्ती मास्टर रिगरनेच (वरच्या दर्जाच्या रिगरनेच) करायची असते. मेनच्या लाइन्स स्पेक्ट्रा धाग्याच्या, घर्षणाच्या उष्णतेने आटलेल्या, ब्रेकच्या दोन्ही लाइन्समध्ये उघड फरक. म्हणजे चारशे उड्या हेही खोटं. नवीन लाइनसेटचे ४०० डॉलर. तपासणीचे रिगरने ११० घेतले, ते मात्र आनंदाने दिले. एकूण ४,०२५ डॉलर गेले आणि हातात राहिली एक मेन, तीही लाइन्स बदलल्याशिवाय न वापरता येणारी.

ज्याचं नाव कार्डावर होतं त्या रिगरला आम्ही त्याच टेबलावरून फोन लावला. खरा माणूस, खरं लायसन्स. त्याने ही रिग आयुष्यात पाहिलेली नव्हती.

आणि मग सुरू झाल्या चकरा. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, तुमच्या परवानगीशिवाय गेले असते तर बघितलं असतं. म्हणजे चोराने पासवर्ड चोरला तर फसवणूक, चोराने मला खोटं कार्ड दाखवलं तर माझी मर्जी! तीन वेगवेगळ्या लोकांशी बोलले, तिघांनी एकच वाक्य वाचून दाखवलं. इथले पोलिस म्हणाले, तुम्हाला वस्तू मिळाली आहे ना, मग हा दिवाणी वाद. मी सांगितलं की सही बनावट आहे, जीव गेला असता. समोरचा अधिकारी म्हणाला, "पण गेला नाही ना." हे वाक्य तो तोंडावर बोलला. विक्रेत्याच्या गावच्या पोलिसांना फोन केला, ते म्हणाले तुम्ही राहता तिथे तक्रार द्या. इथल्यांनी सांगितलं तिथे द्या. ऑनलाइन गुन्ह्यांच्या पोर्टलवर पानंच्या पानं भरली, कार्ड, सील, लेबल, रिगरचा लेखी अहवाल, सगळं जोडलं. एक तक्रार क्रमांक आला. त्यानंतर एक अक्षर नाही. लहान दाव्यांच्या कोर्टात जायचं तर त्याच्या राज्यात जावं लागेल, विमान, हॉटेल, रजा. आणि त्याने दिलेला पत्ता खरा आहे की नाही तेही पोलिस सांगायला तयार नाहीत.

सगळ्यात जास्त लागलं ते खरेदी-विक्रीच्या ग्रुपचं वागणं. मी तिथे फोटोंसकट इशारा टाकला, ॲडमिनने तासाभरात काढला. कारण काय, तर सदस्यांवर जाहीर आरोप करायचे नाहीत असा ग्रुपचा नियम. त्या माणसाची जाहिरात मात्र तशीच होती, "विकलं गेलं" असं लिहून. माझ्यानंतर कोणी त्याच्या हातची रिग घालून मेलं तर तो नियम कोणाला दाखवणार आहेत?

भारतात बसून अमेरिकेतून किंवा दुबईतून जुनी रिग मागवणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळा. माल परत पाठवायचा खर्चच कंबर मोडेल, आणि रिगर गल्लोगल्ली मिळत नाहीत. निघायच्या आधी तिकडच्याच, तुम्ही निवडलेल्या रिगरकडून उघडून घ्या, विक्रेत्याने सुचवलेल्याकडून नको. रिझर्व्ह, कंटेनर, एएडी, तिन्हींचे सिरियल नंबर आणि बनावटीच्या तारखा आधी लेखी मागा, आणि उत्पादकाने त्या मॉडेलवर काही सर्व्हिस बुलेटिन (दोषाबद्दलची सूचना) काढलंय का ते त्यांच्या साइटवर पाहा. तपासणी होईपर्यंत पैसे रिगरकडे किंवा तिसऱ्या माणसाकडे राहू द्या. खरा विक्रेता याला नाही म्हणत नाही. आमच्या ड्रॉपझोनवर नंतर एका बाईंनी मला स्वतःची जुनी रिग विकली, २,९०० डॉलरला, आणि पहिलं वाक्य हेच बोलल्या, "आधी रिगरकडे ने, उघडून घे, मग बोलू."

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीने मला एक जाहिरात पाठवली. नाव वेगळं, राज्य वेगळं. हिरवा-करडा कंटेनर, मेन १३५, "ताजा रिपॅक, सील उघडू नका". मागे तोच तपकिरी चौकटींचा गालिचा, आणि कार्डावर तेच तिरकं निळं अक्षर. मी त्या जाहिरातीखाली विचारणाऱ्या प्रत्येकाला वेगळा मेसेज केला. दोघांनी उत्तर दिलं, एकीने पैसे थांबवले. अशी जाहिरात तुमच्या नजरेस पडली तर मला कळवा. बनावट कार्डाचे, सीलचे आणि रिगरच्या अहवालाचे फोटो माझ्याकडे आहेत, मागेल त्याला पाठवीन.