डुनालिएला, डायटम की समुद्री बॅक्टेरिया? अँटीऑक्सिडंटच्या प्रोजेक्टसाठी काय वाढवायचं

सहा महिन्यांचा प्रोजेक्ट, विषय समुद्री सूक्ष्मजीवांतले अँटीऑक्सिडंट, आणि वाढवायचं काय इथेच गाडी अडलीय? मग आधी एक ऐका, डीपीपीएच टेस्टचा (अँटीऑक्सिडंट भेटला की रंग उतरणारं जांभळं रसायन) आकडा कुणाचा मोठा यावरून ठरवू नका. जांभळा रंग पिवळा झाला, ५१७ नॅनोमीटरला रीडिंग घेतलं, झालं, सोपं म्हणून सगळे तेच करतात. पण डुनालिएलातलं बीटा-कॅरोटीन हे केशरी रंगद्रव्य डीपीपीएचला फारशी दाद देतच नाही, त्याची ताकद सिंगलेट ऑक्सिजन (पेशींना इजा करणारं ऑक्सिजनचं एक रूप) शमवण्यात आहे, म्हणजे पोहणाऱ्याला पळायच्या शर्यतीत उतरवून मागे पडला म्हणायचं.

तर डुनालिएला सॅलिना, खाऱ्या पाण्यातलं एकपेशीय हिरवं शैवाल. चांगला स्ट्रेन असेल तर सुक्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास बीटा-कॅरोटीन देते, हे भारीच आहे. मीठ वाढवा, लाईट वाढवा, नायट्रोजन तोडा, हिरवं कल्चर केशरी व्हायला लागतं. फक्त तेव्हा वाढ थंडावते, म्हणून आधी बायोमास करून घ्यायचा आणि मगच छळायचं. आणि हिला कडक पेशीभित्तिका नसते हं! मी पहिल्यांदा सवयीने सेंट्रीफ्यूज जोरात फिरवलं, खाली इवलीशी पेलेट आणि वरचं पाणी मस्त केशरी, म्हणजे पेशी फुटून माल वर निघून गेलेला. डिस्टिल्ड वॉटरने धुवायला गेलात तरी तेच होणार.

फिओडॅक्टिलम ट्रायकॉर्नुटम या डायटमचं (हेही एकपेशीय शैवालच) गणित उलटं आहे. त्यातलं फ्युकोझँथिन हे प्रकाश पकडायचं रंगद्रव्य, त्यामुळे लाईट कमी ठेवला तर ते जास्त साठतं, छळ वगैरे करावा लागत नाही, पेशी वाढतायत तोवर मिळत राहतं. एफ बाय टू या समुद्री शैवालांच्या नेहमीच्या मीडियमवर आरामात वाढतो, इथेनॉलमध्ये रंग उतरतो, डीपीपीएचलाही फ्युकोझँथिन बऱ्यापैकी प्रतिसाद देतं. जीनोम २००८ पासून उपलब्ध आहे, पुढे जीनकडे वळायचं असेल तर सोय. फक्त उजेडात आणि हवेत लवकर खराब होतं, नळ्यांना फॉइल गुंडाळायचा आळस नको.

बॅक्टेरिया सगळ्यात मोहात पाडतात. झोबेल मरीन अगारवर दोन-चार दिवसांत पिवळ्या-नारिंगी कॉलनी दिसल्या की वाटतं जिंकलो, आणि पॅराकोकससारख्यांत अ‍ॅस्टाझँथिन हे लाल रंगद्रव्य मिळतंही. पण क्रूड एक्सट्रॅक्टमध्ये अ‍ॅक्टिव्हिटी दिसली तरी ती नक्की कुठल्या रेणूची हे शोधण्यातच वेळ जातो, आणि बऱ्याचदा तो आधीच माहीत असलेला निघतो. शिवाय मीडियममधलं यीस्ट एक्सट्रॅक्ट आणि पेप्टोन स्वतःच डीपीपीएचचा रंग उतरवतात, त्यामुळे ब्रॉथ तपासणार असाल तर जंतू न घातलेला नुसता मीडियमही सोबत चालवा. अ‍ॅक्टिनोमायसीट्सना तर, म्हणजे बुरशीसारखे धागे काढणाऱ्या बॅक्टेरियांना, आठवडे लागतात, त्यात बुरशी आली की पुन्हा पहिल्यापासून, सहा महिन्यांत मी तरी हात लावणार नाही.

(हिमॅटोकॉकस, अँटीऑक्सिडंटसाठी प्रसिद्ध शैवाल, का नाही घेतला? तो गोड्या पाण्यातला, विषयातच बसत नाही.)

माझं मत फिओडॅक्टिलमला. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) हाताशी असेल आणि सिंगलेट ऑक्सिजनची टेस्ट जमणार असेल तरच डुनालिएला, आणि ती घेतलीत तर प्रस्तावनेत 'बीटा-कॅरोटीन कॅन्सर रोखतं' असं ठोकून देऊ नका. १९९४ च्या फिनलंडमधल्या ट्रायलमध्ये गोळ्या घेणाऱ्या धूम्रपानी पुरुषांत फुफ्फुसाचा कॅन्सर उलट १८ टक्के जास्त निघाला होता, व्हायव्हात तेवढ्यावरून अर्धा तास उभं करतात.