अफगाण चर्चचे अंतरंग : सोलापूरहून निघणाऱ्या एका वास्तुदर्शन सहलीविषयी

सोलापुरातील एका सहल आयोजकाने मुंबईतील जुन्या वास्तू दाखवणारी एक दिवसाची सहल सुरू केली आहे. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघायचे आणि दुसऱ्या रात्री त्याच गाडीने परतायचे, असा तिचा बेत असतो. दहा ठिकाणे धावत दाखवण्याचा मोह टाळून आयोजकाने सकाळचा सारा वेळ कुलाब्यातील सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, म्हणजेच अफगाण चर्चला दिला, हा या सहलीचा सर्वांत मोठा गुण म्हणावा लागेल.

सिंध आणि अफगाणिस्तानच्या १८३८ ते १८४३ या काळातील ब्रिटिश लष्करी मोहिमांत मृत्यू पावलेल्यांचे स्मारक म्हणून हे चर्च उभारले गेले आणि १८५८ मध्ये त्याचा अभिषेक झाला. रचनाकार हेन्री कॉनिबेअर. मुंबईला पाणी देणाऱ्या विहार तलावाच्या योजनेमागेही हाच माणूस होता, आणि चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावच्या मंडळींनी ही माहिती जरा अधिकच आस्थेने ऐकली. १८६५ मध्ये पूर्ण झालेला १९८ फुटी मनोरा समुद्रातील जहाजांनाही दिसावा, अशी अपेक्षा होती. तो देखणा आहे खरा, पण त्याच्यासमोर छायाचित्रे काढण्यात गेलेला वेळ मला अवाजवी वाटला, कारण या वास्तूचे खरे वैभव आत आहे.

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचा काळा दगड डोळ्यांत बसलेल्या माणसाला येथील पिवळसर बेसाल्ट आधी परका वाटतो. आत मात्र रुंद टोकदार कमानी, वरचे सागवानी छप्पर आणि पुढे ५० फूट लांब व २७ फूट रुंद असे वेदीचे दालन एकाच दृष्टिक्षेपात येते आणि नजर आपोआप वेदीकडे ओढली जाते. बाक, जाळीदार पडदे आणि भौमितिक नक्षीच्या फरशा यांची आखणी विल्यम बटरफील्ड या इंग्रज वास्तुविशारदाची असल्यामुळे कोणतीही वस्तू नंतर आणून ठेवल्यासारखी भासत नाही. फरशा थेट इंग्लंडहून आणल्या होत्या. आमच्यातील एक निवृत्त विणकर त्या नक्षीचा एक फेरा कुठे संपतो आणि पुढचा कुठून सुरू होतो, हे वाकून शोधत राहिले, आणि मार्गदर्शकाने त्यांना घाई केली नाही. रंगीत काचांच्या खिडक्या विल्यम वेल्स यांच्या आहेत. पूर्वेची खिडकी सकाळच्या उन्हात पूर्ण उजळलेली होती. पश्चिमेची मात्र मंदच राहिली. ती पाहायची तर दुपारनंतर यावे लागेल, आणि तशी सोय या बेतात नाही.

भिंतीवरील स्मृतिलेखापाशी मी अधिक रेंगाळलो. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. साध्या शिपायांविषयी मात्र, ते इतके होते की प्रत्येकाचे नाव नोंदवणे शक्य नाही, अशा आशयाचे एक वाक्य आहे. फरशीच्या प्रत्येक तुकड्याचा विचार करणाऱ्या वास्तूत हे वाक्य खटकते. मार्गदर्शकाने ते वाचून दाखवले, त्याचा अर्थ मराठीत सांगितला आणि त्यावर स्वतःचे भाष्य लादले नाही, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

उणिवाही आहेत. मार्गदर्शन उत्तम मराठीत असताना हाती दिलेले माहितीपत्रक केवळ इंग्रजीत होते, आणि गट इतका मोठा होता की मागच्या बाकांपाशी उभ्या असलेल्यांना बोलणे नीट ऐकू येत नव्हते. दुपारचे जेवण उशिरा आणि बेचव मिळाले. रविवारी सकाळी उपासना असल्याने त्या दिवशीची सहल टाळावी. उंचावरील काचकाम पाहण्यासाठी घरात दुर्बीण असल्यास ती अवश्य सोबत घ्यावी, कारण आयोजकाकडे एकच आहे आणि ती बहुतेक वेळ पुढच्या रांगेतच फिरते.