पहिला सूट: शिवून घ्यावा की तयार? बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या तरुणांसाठी

नोकरीची मुलाखत, थोरल्या भावाचं रिसेप्शन, नाहीतर पुण्या-बंगळूरच्या कंपनीत रुजू व्हायची तारीख. आपल्याकडच्या पोरांच्या अंगावर पहिला सूट चढतो तो बहुधा यापैकीच एखाद्या निमित्ताने. मग घरचे खडेबाजारात जाऊन हँगरवरचा सूट उचलतात, नाहीतर कपाटातला आहेराचा सूट पीस काढून टेलरकडे टाकतात. दोन्ही वाटा चालण्यासारख्या आहेत. माझं मत आधीच सांगतो: महिनाभर हातात असेल तर शिवून घ्या. आठवड्याभरात हवा असेल तर तयार घ्या, पण खांदा बसत असेल तरच.

खांद्यावरून ठरवा

कोटाची बाही लांब असेल तर आखूड होते. कमरेत ढगळ असेल तर आत घेता येतो. पँटची उंची तर शोरूमवालेच करून देतात. खांदा तेवढा सहजासहजी दुरुस्त होत नाही. त्यासाठी बाही उसवायची, पॅड काढायचं, कापायचं, पुन्हा जोडायचं. जाणता टेलर हे काम अंगावर घ्यायला राजी नसतो, आणि त्याचं बरोबर आहे.

शोरूममध्ये कोट घालून भिंतीला बाजूने टेकून उभे राहा. दंडाच्या आधी खांद्याचं पॅड भिंतीला लागलं तर कोट मोठा आहे. बाहीच्या सुरुवातीलाच दंडावर खळगा पडत असेल तरी तेच. मग मागून कुणाला तरी बघायला सांगा: कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला चिकटून बसली पाहिजे, मध्ये बोट जाईल एवढी फट नको. या दोन गोष्टी जमल्या नाहीत तर सूट कितीही देखणा असो, परत हँगरला लावा. ‘घातल्यावर बसेल’ म्हणणाऱ्या सेल्समनचं ऐकू नका, खांदा घालून घालून बसत नाही.

आपल्या भागात अजून एक अडचण येते. गावोगावी तालमी आहेत, आणि मेहनत केलेल्या पोराची छाती ४२ आणि कंबर ३२ असते. तयार सुटात कोट आणि पँट एकाच जोडीत येतात, आणि त्यांच्या मापात साधारण ६ इंचांचा फरक धरलेला असतो. म्हणजे ४२ च्या कोटाबरोबर ३६ ची पँट. ती चार इंच आत घेतली की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भिडतात आणि पँटची शिलाई बिघडते. अशा बांध्याच्या माणसाने तयार सुटाच्या नादी लागूच नये. ज्याची छाती ३८ आणि कंबर ३२, खांदे सरळ, पोट नाही, त्याला तयार सूट छान बसतो आणि त्याने टेलरकडे खेपा घालायची गरजही नाही.

आत काय भरलंय

कोटाच्या छातीला आकार देण्यासाठी कापडाच्या आत एक थर असतो. बहुतेक तयार कोटांत तो उष्णता देऊन गोंदाने चिकटवलेला असतो, त्याला फ्यूजिंग म्हणतात. चांगल्या प्रतीचं फ्यूजिंग वर्षानुवर्षं टिकतं. हलकं असेल तर काही ड्रायक्लीननंतर गोंद सुटतो आणि छातीवर फोड आल्यासारखे फुगे दिसतात. ते मग कशानेही बसत नाहीत. दुसरी पद्धत कॅनव्हासची. त्यात थर शिवून बसवतात, त्यामुळे तो कापडाबरोबर हलतो आणि अंगावर वळण घेतो. याला हात जास्त लागतो, म्हणून महाग.

ओळखायचं कसं? खालच्या काजाच्या जवळ कोटाचं बाहेरचं कापड आणि आतलं कापड चिमटीत धरून एकमेकांपासून ओढा. मध्ये तिसरा थर सुटा सरकताना बोटांना लागला तर कॅनव्हास आहे. बाहेरचं कापड जाड, पुठ्ठ्यासारखं लागलं आणि मध्ये काहीच सरकलं नाही तर फ्यूजिंग. शिवायला टाकताना ‘आत काय घालणार?’ हा प्रश्न आधी विचारा, कारण बरेच टेलरही फ्यूजिंगच वापरतात. निदान छातीपुरता तरी कॅनव्हास मागा. जो मास्तर हा प्रश्न ऐकून दोन कोट काढून दाखवतो, त्याच्याकडे काम द्या.

ट्रायल नसेल तर शिवून घेण्यात अर्थ नाही

शिवून घेण्याचा सगळा फायदा ट्रायलमध्ये आहे. मास्तर पांढऱ्या दोऱ्याने कच्चा टाचलेला कोट अंगावर चढवतात, एकच बाही लावलेली असते, तोंडात टाचण्या आणि हातात खडू. याच वेळी बोला. हात पुढे घ्या, मोटारसायकलचं हँडल धरल्यासारखे. पाठीत ओढ बसते का बघा. वरचं एक बटण लावा: बटणापासून दोन्हीकडे आडव्या चुण्या पडल्या तर पोटात तंग आहे. बाहीखाली शर्टाचा कफ अर्धा इंच दिसावा, आणि कोटाची उंची बैठक झाकेल एवढी असावी. सध्या आखूड कोटाची फॅशन आहे, पण पहिला सूट पाच-सात वर्षं घालायचा असतो, म्हणून मी तिच्या मागे लागायला सांगणार नाही. पँटच्या मागच्या शिवणीत दीड इंच माया, म्हणजे पुढे सैल करायला जादा कापड, ठेवायला सांगायला विसरू नका.

‘ट्रायलची गरज नाही, मापावरच बसेल’ असं कुणी म्हणालं तर तिथून कापड परत घ्या. त्यापेक्षा तयार सूट बरा, तो निदान घालून बघता येतो.

वेळेचं गणितही इथेच येतं. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि गणपत गल्लीपासून शहापूरपर्यंत सगळ्या टेलरांकडे ढीग लागतो. डिसेंबरात कार्य असेल तर दिवाळीच्या आधी कापड टाका.

कापड: लोकर की मिश्रण

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, थंडीत लोकरीचा सूट सुखाचा होतो. अथणी-रायबागकडे उन्हाळा कडक, आणि मे महिन्यातल्या मांडवात जाड पॉलिस्टरचा सूट म्हणजे घामाची आंघोळ. हलकी लोकर, दीड मीटर रुंदीच्या कापडात मीटरभर लांबीला २४० ते २७० ग्रॅम वजनाची, दोन्हीकडे चालते, कारण लोकर हवा खेळू देते. पॉलिस्टर-लोकरीचं मिश्रण, आपलं टेरीवूल, स्वस्त पडतं आणि चुरगळत नाही. रोज ऑफिसला घालायचं असेल, एसटीने ये-जा असेल, तर तेच घ्या. पॉलिस्टर आणि व्हिस्कोसचं टी-आर कापड दिसायला चकचकीत असतं, पण पहिल्या सुटाला मी ते सुचवणार नाही. फोटोतली ती चमक नंतर नकोशी होते.

कडेवर ‘सुपर १००’, ‘सुपर १२०’ छापलेलं बघून भुलू नका. तो आकडा लोकरीचा धागा किती बारीक आहे ते सांगतो. कापडात लोकर किती टक्के, हे त्यावरून कळत नाही. ते वेगळं विचारा. शंका असेल तर कडेचा एक धागा काढून पेटवा: लोकर केस जळल्यासारखी वासते आणि राख बोटांत चुरते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. शुद्ध लोकरीतही १०० ते ११० पुरे. त्याहून बारीक कापड मऊ लागतं, पण बैठकीला आणि मांडीला लवकर झिजतं.

आहेराचा पीस वापरायचा असेल तर आधी तो मोजा. १५० सेंटिमीटर पन्ह्याचं (रुंदीचं) कापड दोन पीसच्या सुटाला तीन ते सव्वातीन मीटर लागतं. खोक्यात नुसता पँट पीस असेल तर तो सव्वा मीटरच्या आसपास भरतो, त्यात कोट होत नाही.

किमतीची तुलना करताना कापड, शिलाई, अस्तर आणि कॅनव्हास एकत्र धरा. तयार सुटाच्या चिठ्ठीवर कर धरलेलाच असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांवरच्या तयार कपड्याला १८ टक्के जीएसटी आहे, कापडाला ५ टक्के. त्यामुळे चांगल्या प्रतीत शिवलेला सूट वाटतो तेवढा महाग पडत नाही.

रंग आणि प्रकार

नेव्ही ब्लू. मुलाखतीला चालतो, रिसेप्शनला चालतो, सावळ्या-गोऱ्या सगळ्यांना खुलतो. काळा सूट वकिली करणाऱ्यांनी जरूर घ्यावा, त्यांना तो रोजच लागतो. बाकीच्यांना दिवसाउजेडी तो जड दिसतो आणि त्यावर धुळीचा कण न् कण उठतो. दोन बटणं, साधी कॉलर, रेघा-चौकडी नको. जोधपुरी बंदगळा मांडवात शोभतो, पण मुलाखतीला घालून जाता येत नाही, म्हणून पहिला खर्च त्यावर नको.

तयार सूट घरी आणल्यावर बाहीवरचं कंपनीचं लेबल आणि मागच्या चिरेवरचा फुलीचा टाका उसवा. ते दोन्ही विक्रीपुरते असतात.

जूनमध्ये, विशेषतः खानापूरकडे, सूट ड्रायक्लीनरच्या प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका, बुरशी धरते. सुती कव्हरात, रुंद खांद्याच्या हँगरवर ठेवा, आणि उघडीप मिळाली की सावलीत वाऱ्यावर टाका.

दुसरा सूट करडा घ्या, आणि तो पहिला वर्षभर वापरून झाल्यावर. तेव्हा मास्तरांच्या वहीत तुमचं माप असेलच, तरी नव्याने घ्यायला लावा. नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षात कंबर हमखास बदलते.