मॅसिलॉनच्या शाळेचा फुटबॉल सामना: एक शिफारस

अमेरिकेत राहणाऱ्या किंवा तिकडे मुलांकडे जाणाऱ्या मराठी मंडळींना अमेरिकन फुटबॉल समजून घ्यायचा असेल, तर व्यावसायिक संघाच्या महागड्या तिकिटाआधी त्यांनी ओहायो राज्यातील मॅसिलॉनच्या वॉशिंग्टन हायस्कूलचा सामना पाहावा, असे माझे ठाम मत आहे. कँटन शहराच्या पश्चिमेला असलेल्या या गावाची वस्ती सुमारे 32 हजार, आणि करदात्यांच्या पैशांवर चालणाऱ्या या सार्वजनिक शाळेच्या स्टेडियममध्ये माणसे बसतात साडेसोळा हजारांच्या आसपास.

ज्यांचे नाव या मैदानाला दिले आहे, ते पॉल ब्राउन याच शाळेचे विद्यार्थी. 1932 ते 1940 या काळात ते येथे प्रशिक्षक असताना संघाने 80 सामने जिंकले आणि अवघे 8 गमावले. पुढे क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघाला त्यांच्याच आडनावावरून ‘ब्राउन्स’ हे नाव मिळाले. संघाच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या गावकऱ्यांच्या बूस्टर क्लबची घडीही त्यांच्याच काळात बसली. गावच्या रुग्णालयात जन्मलेल्या मुलग्याला छोटा फुटबॉल भेट देण्याची प्रथा या क्लबने वर्षानुवर्षे पाळली. मुलींच्या वाट्याला हा मान आला नाही, ही गोष्ट मला मनापासून खटकते.

मध्यंतरात खाण्याच्या रांगेत उभे राहू नये, कारण 1938 मध्ये सुरू झालेल्या ‘टायगर स्विंग बँड’चे संचलन तेव्हाच असते आणि खेळाचे नियम मुळीच न कळणाऱ्या आजी-आजोबांनाही ते पुरेपूर आनंद देते. संघाचे नाव ‘टायगर्स’ असल्याने वाघाचा जिवंत बछडा मैदानात आणण्याची येथे जुनी परंपरा होती; ती मात्र, एवढ्या गोंगाटात त्या पिलाचे काय होत असेल या विचाराने, मला कधीच पटली नाही.

खेळाच्या दर्जाविषयी शंका नसावी. वृत्तपत्रांच्या मतचाचणीवर ठरणारी राज्य अजिंक्यपदे या शाळेने पूर्वी अनेकदा मिळवली होती, पण बाद फेरीतून विजेतेपद मिळायला 2023 साल उजाडले. अॅक्रनच्या होबान या खाजगी कॅथलिक शाळेला तेव्हा तिने 7-2 असे नमवले. इतकी दशके अख्ख्या गावाची अपेक्षा सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी पेलायची, हे ओझे थोडे नाही, आणि टाळ्या वाजवताना प्रेक्षकांनी त्याचे भान ठेवायला हवे.

एकच सामना पाहणे शक्य असेल, तर कँटनच्या मॅकिन्ली हायस्कूलविरुद्धचा निवडावा. ही चुरस 1894 पासूनची आहे आणि सामना हंगामाच्या अखेरीस, थंडी पडू लागल्यावर होतो. म्हणून तिकिटे आधी काढावीत आणि जाड कपडे घालून जावे.