ओटीपी, अ‍ॅप की पासकी? हळदीच्या पेढीवरचा हिशोब

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेले एक अण्णा आहेत, त्यांची जीएसटीची कामं मी बघतो. परवा फोन पुढे करून म्हणाले, "हे जीमेल सारखं पासकी बनवा म्हणतंय. मला ओटीपी येतोय की! आणखी किती कुलपं लावायची?"

पासकी म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्याच लॉकने, बोटाच्या ठशाने किंवा पिनने, खातं उघडायची डिजिटल किल्ली. बँकेच्या व्यवहारात निवड फारशी आपल्या हातात नसते, बँक देईल ते घ्यायचं. निवड आहे ती जीमेल, फेसबुक वगैरे खात्यांत. त्यात जीमेल पहिलं, कारण इतर खात्यांचा पासवर्ड विसरलात की नवीन करायची लिंक तिथेच येते.

एसएमएसच्या ओटीपीचं मोठेपण असं की तो साध्या बटणाच्या फोनवरही येतो. अडचण सिमची. कुणी तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम काढलं की ओटीपी त्याच्याकडे. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाने १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट होत नाही. एक वाट बंद झाली, पण डुप्लिकेट सिम त्याच कंपनीतून निघू शकतंच. तसं झालं की तुमचं सिम बंद पडतं. म्हणून शेजारच्याला त्याच कंपनीची रेंज आहे आणि तुमचीच तासभर गायब, तर दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला विचारा.

ऑथेंटिकेटर अ‍ॅपला सिमशी देणंघेणं नाही. एकदा क्यूआर कोड स्कॅन केला की फोन स्वतःच दर तीस सेकंदांनी लॉगिनला लागणारे सहा आकडे तयार करतो, रेंज नसली तरी. फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं.

मग अ‍ॅपच सरस? थांबा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा माझ्या ओळखीच्या दोघांचे फोन पाण्यात गेले. एकाचा सगळा कारभार एसएमएसवर होता. नवीन सिम आलं, ओटीपी सुरू. दुसऱ्याकडे अ‍ॅप होतं, बॅकअप नव्हता. खातं परत मिळवायला त्याला महिना लागला. गूगलच्या अ‍ॅपमध्ये कोड खात्यात साठवायची सोय २०२३ मध्ये आली, ती चालू आहे का ते बघून घ्या.

पण खरा फरक पुढेच आहे. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, बघणाऱ्याला काही कळत नाही. मात्र समोर हात धरून बसलेलाच तोतया असला तर रुमाल काय कामाचा? नकली लॉगिन पानावर हेच होतं. एसएमएसचे आकडे असोत की अ‍ॅपचे, ते आपल्याच हाताने चोराला दिले जातात आणि तो त्याच मिनिटाला खऱ्या साइटवर टाकतो.

पासकीत सांगायला आकडाच नसतो. किल्ली फोन सांभाळतो आणि ज्या साइटसाठी ती बनली तिचा पत्ता जुळला तरच चालते. एका अक्षराने वेगळा पत्ता तुमच्या नजरेतून सुटेल, फोनच्या सुटत नाही. बोटाचा ठसाही फोनबाहेर जात नाही.

फोनवर 'तुम्हीच आहात का? होय / नाही' असं विचारणारी पद्धत मला सौद्याच्या गडबडीत नको वाटते. कंटाळून एकदा 'होय' दाबलं की संपलं. २०२२ मध्ये उबर कंपनीच्या यंत्रणेत शिरलेल्या हॅकरने एका कंत्राटी माणसावर अशाच विनंत्यांचा मारा केला होता.

अण्णांची अडचण मात्र वेगळीच निघाली. पेढीचं जीमेल खातं एक आणि वापरणारे तिघं: ते, मुलगा आणि दिवाणजी. रोज दुकानातून फोन, "अण्णा, ओटीपी सांगा!" आणि हे सौद्यातून ओरडून सांगणार. चोराला नेमकी हीच सवय हवी असते. पासकी ओरडून सांगता येत नाही, तिघांनी आपापल्या फोनवर वेगळी बनवायची. त्यासाठी प्रत्येकाच्या फोनला धड लॉक हवं. अण्णांच्या फोनचा पिन नातवाला पाठ आहे, तो आधी बदलला.

एक गोष्ट लोक विसरतात. पासकी लावली तरी एसएमएसचा पर्याय बहुधा मागे तसाच चालू राहतो, आणि चोर उघडं दार बघून येतो. बॅकअप कोड, म्हणजे फोन हरवला तर खातं उघडायला आधीच काढून ठेवायचे आकडे, हाताशी आले की सेटिंगमध्ये जाऊन एसएमएसचा पर्याय काढता येतोय का बघा. यूएसबीची वेगळी किल्लीही मिळते, पण एक हरवेल म्हणून दोन घ्याव्या लागतात. अण्णांना तेवढा खर्च करायला मी सांगितलं नाही.

शेवटी ठरलं ते असं: जीमेलला पासकी, जिथे पासकीची सोय नाही तिथे अ‍ॅप, बँकेला आहे तो ओटीपी. गूगलचे दहा बॅकअप कोड छापून काढले. अण्णा कागद तिजोरीत ठेवायला निघाले.

"तिजोरी तळमजल्यावर आहे न्हवं?" मी विचारलं.

ते थबकले. एक प्रत माळ्यावर गेली, दुसरी मिरजेला लेकीकडे, तिसऱ्या मजल्यावर.