मामांचा झोर्की-४: कॅमेरा एक नंबर, पण आधी रोल भरायला शिका

झोर्की-४ हा जुना रशियन रोलचा कॅमेरा मी दोन वर्षांपासून वापरते आहे, सात रोल झाले, त्यातला पहिला अख्खा कोरा आला. म्हणून लेन्सबद्दल मागाहून लिहीन, आधी रोल कसा भरायचा तेच लिहिते, कारण हा कॅमेरा नव्यानं घेणाऱ्याचं घोडं नेमकं तिथेच पेंड खातं.

कॅमेरा मामांचा. मामा भिलाईच्या पोलाद कारखान्यात होते, तो कारखाना रशियाच्या मदतीनं उभा राहिला, पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत पेटली आणि आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडची कितीतरी माणसं तिकडे नोकरीला गेली, गोंदियाला गाडीत बसायचं, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग आणि मग भिलाई. तिथल्या एका रशियन इंजिनियरनं परत जाताना हा कॅमेरा मामांना दिला. मॉस्कोजवळ क्रास्नोगोर्स्क म्हणून गाव आहे तिथल्या कारखान्याचा आहे, झोर्की म्हणजे तीक्ष्ण नजरेचा, आणि यांच्या नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे बनल्याचं साल, आमच्यावर ६६ आहे. हे मॉडेल १९५६ ते १९७३ पर्यंत बनत होतं, म्हणून जुन्या बाजारात अजूनही सापडतं. मामा यात उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू रोल टाकायचे, ब्लॅक अँड व्हाइट. नंतर कॅमेरा पेटीत गेला तो मी काढेपर्यंत तिथेच होता.

पहिला रोल मी व्हिडिओ पाहून भरला. दिवाळी होती, आमच्याकडे भाऊबीजेपासून गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, दिवसा बाजार आणि दंडार, म्हणजे नाचगाण्याचा लोकखेळ, रात्री आमच्या झाडीपट्टीचं नाटक उजाडेपर्यंत. आई मामांना ओवाळत होती त्याचे चार फोटो काढले, दंडारवाल्यांचे काढले, शेतातल्या धानाच्या कडपांचे, तलावाच्या पाळीवरचे, वरची चकती बरोबर एकेक आकडा पुढे सरकत होती, ३४, ३५, ३६. मग ३७, ३८, तरी रोल पुढे सरकवायचं चाक मऊच फिरत होतं. मला वाटलं रोलमध्ये एखाद-दोन जास्त निघतात तसं असेल. गुंडाळला आणि कुरिअरनं शहरातल्या एका लॅबकडे धुवायला पाठवला.

आठ दिवसांनी त्यांचा मेसेज आला, रोल पूर्ण कोरा आहे. मी फोन करून बोलले त्यांना, आवाज चढवून बोलले, तुम्हीच धुताना खराब केला म्हणाले. मग निगेटिव्ह घरी आली. मामांचं वय ऐंशीच्या वर, डोळे अधू झालेत, तरी त्यांनी पट्टी खिडकीकडे धरली आणि म्हणाले, "काठावर आकडे दिसून राह्यले का बाई?" दिसत होते, १, १ए, २, २ए आणि फिल्मचं नाव, सगळं ठळक. "मंग धुनाऱ्याची चूक नाही. रोल डब्बीतून निघालाच नाही."

हे समजून घ्या, फार कामाचं आहे. काठावरचे आकडे फिल्मच्या कारखान्यातच छापलेले असतात आणि धुतल्यावर उमटतात, म्हणजे आकडे ठळक आणि मधली जागा काचेसारखी स्वच्छ असेल तर धुणं बरोबर झालंय, फिल्मवर उजेडच पडला नाही. धुण्यात गडबड असती तर आकडेही फिके आले असते किंवा आलेच नसते. मी लॅबवाल्या दादांना परत फोन करून माफी मागितली.

झालं असं होतं की रोलचं टोक मी उजवीकडच्या स्पूलच्या, म्हणजे ज्या रिळावर रोल गुंडाळत जातो त्याच्या, फटीत जेमतेम खुपसलं होतं, पहिल्याच फिरवणीत ते सटकलं, आणि पुढे रोलभर मी रिकामं स्पूल फिरवत होते. रोल सरकत नसला तर कॅमेऱ्यातून पाहताना कळत नाही, आणि चकती तर फक्त चाक किती वेळा फिरलं तेवढंच मोजते. मामांच्या शब्दांत, "त्या चकतीले काय समजते, तिले रोल थोडीच दिसते. तू डाव्या चाकाकडे पाय." डावीकडचं चाक म्हणजे रोल परत गुंडाळायचं. रोल ताठ बसला असेल आणि खरंच सरकत असेल तर उजवीकडे फिरवलं की डावीकडचं आपोआप उलटं फिरतं. ते फिरलं तरच फोटो निघतोय.

मग ओसरीवर सतरंजी टाकून त्यांनी मला शिकवलं, मुदत संपलेला एक रोल खास सरावासाठी मारला, तीन दिवस तोच काढायचा आणि भरायचा. खालच्या बाजूला दोन चाव्या आहेत, त्या उभ्या करून फिरवल्या की मागचं झाकण आणि तळ मिळून एकच तुकडा होऊन खाली सरकत निघतो, त्यामुळे दोन्ही हातांना जागा मिळते. ही फार मोठी सोय आहे. जुन्या, स्क्रूनं लेन्स बसणाऱ्या लायका किंवा पहिल्या झोर्की, फेड या कॅमेऱ्यांत फक्त तळ उघडतो, रोल खालून चिरेत सरकवावा लागतो आणि त्यासाठी रोलचं टोक कात्रीनं लांब कापून घ्यावं लागतं, इथे ती भानगड नाही, दुकानातला रोल जसाच्या तसा बसतो.

माझी चूक अशी होती की मी डबी आधी बसवायची आणि मग टोक ओढत ओढत स्पूलपर्यंत न्यायची, बोटं जात नाहीत, टोक वाकडं जातं. मामांची रीत वेगळी. स्पूल सुटं निघतं या कॅमेऱ्यात, ते बाहेरच काढून हातात घ्यायचं, टोक त्याच्या फटीत नीट खोल सारायचं, अंगठ्यानं दाबून एक वेढा घालायचा, हलकं ओढून पाहायचं, सुटत नाही ना. मग डाव्या हातात डबी, उजव्या हातात स्पूल, मध्ये पट्टी ताणलेली, आणि दोन्ही एकाच वेळी खाली बसवायचं. काढलेलं स्पूल मात्र मांडीवर ठेवू नका. माझ्याकडून एकदा पडलं ते थेट अंगणातल्या तणसाच्या ढिगात, अर्धा तास शोधलं.

पट्टी बसली की पाहायचं भोकांकडे. मधल्या दातेरी चक्राचे दात वरच्या आणि खालच्या दोन्ही भोकांच्या रांगांत शिरले पाहिजेत, एका फोटोला आठ भोकं लागतात, एका बाजूचे दात जरी वर राहिले तरी पट्टी तिरपी जाते आणि फाटते. झाकण उघडं असतानाच एकदा शटर दाबून चाक फिरवायचं, पट्टी सरकताना डोळ्यांनी पाहायची. एखादा फोटो वाया जातो, जाऊ द्या. मग झाकण लावून दोन्ही चाव्या बंद करायच्या, डावीकडचं चाक बाणाच्या दिशेनं हळूच फिरवायचं, अडेपर्यंत, म्हणजे आतली ढील निघते, जोर लावायचा नाही. ढील काढल्याशिवाय डाव्या चाकाची खूण खरी धरू नका, सैल रोलमध्ये सुरुवातीचे एक-दोन फोटो ते फिरतच नाही आणि जीव उगाच खालीवर होतो. पुढे दोन फोटो रिकामे काढा, आकड्यांची चकती हातानं शून्यावर आणा, ती आपोआप येत नाही, की झालं. हे सगळं सावलीत करा, आमच्याकडच्या एप्रिलच्या उन्हात तर घरातच.

रोल संपला की शटरच्या बटणाभोवतीची कडी फिरवायची आणि मग गुंडाळायचं. कडी न फिरवता जोर केला तर भोकं फाटतात. गुंडाळताना सुरुवातीला हाताला ओढ लागते आणि शेवटी टोक स्पूलमधून सुटलं की चाक एकदम हलकं होतं, ते जाणवायलाच हवं. माझ्या पहिल्या रोलला पहिल्यापासून हलकं होतं, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

बाकी कॅमेरा. ज्युपिटर-८ लेन्स आहे, ५० एमएम, एफ २, जुन्या जर्मन झाइस सोनार लेन्सच्या घडणीवरची, चेहरे फार मऊ आणि सुंदर येतात. उजेड मोजायचं मीटर नाही, बॅटरीही नाही, २०० आयएसओचा रोल असला तर भर उन्हात लेन्सचं छिद्र एफ १६ आणि शटरचा स्पीड १/२५० सेकंद ठेवा, बरोबर येतं. स्पीड बदलायचा तर आधी चाक फिरवून शटर चढवायचं आणि मगच बदलायचं, आधी बदलला तर आतली यंत्रणा बिघडू शकते. शटर कापडाचं आहे म्हणून लेन्स सूर्याकडे करून ठेवू नका, पडद्याला भोक पडतं, मी लेन्सचं झाकण कायम लावून ठेवते. एक मीटरपेक्षा जवळचं फोकस होत नाही. फोकस करायला खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकावर एक जुळवाव्या लागतात, रात्रीच्या नाटकात ते मात्र अवघड जातं, मी स्टेजवरच्या पेट्रोमॅक्सवर, म्हणजे आता एलईडीच आहे तो, त्याच्यावर जुळवून घेते. वजन भरपूर आहे, गळ्यात दिवसभर लटकवून मंडई फिरलं तर मान दुखते.

पुढच्या भाऊबीजेला आईनं ओवाळलं तेव्हा मी फोटो काढला आणि चाक फिरवताना मामाच म्हणाले, "फिरलं का डावं?" फिरलं होतं. तो फोटो मोठा करून ओसरीवर लावला आहे, निरांजनाच्या उजेडात दोघांचे चेहरे, मामांच्या डोळ्यावर चष्मा चमकतोय.

जुना झोर्की-४ घेणार असाल तर विकणाऱ्याला झाकण उघडून आतला फोटो पाठवायला सांगा आणि स्पूल जागेवर आहे का तेवढं नक्की पाहा, पुष्कळ कॅमेरे स्पूलशिवाय विकले जातात आणि ते आपल्याला पहिला रोल भरायला बसल्यावरच कळतं.